पाणी तळ्यात किती, ओंजळीत किती?

अर्थसंकल्पाचे दिवस आले की वाढीच्या दराचा आकडा घरोघरी येऊन पोहोचतो. यंदा देशाचे उत्पन्न इतके टक्के वाढले, पुढच्या वर्षी तितके वाढेल, अमुक देशाला आपण मागे टाकले, तमुक देश आता टप्प्यात आला, अशा बातम्या आपण वाचतो. एकूण उत्पन्नाच्या मोजणीत आपला देश जगातील पहिल्या पाच देशांत जाऊन बसला आहे, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही बातमी वाचून झाल्यावर आपल्या वस्तीतील माणूस सहजच विचारतो, "देश एवढा वाढला, मग आमच्याकडे काय आले?" अर्थशास्त्राच्या पंडितांनी अडीचशे वर्षे ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले, तो हाच प्रश्न आहे. म्हणून या वेळी आम्ही तोच विषय घेतला आहे. वाढ म्हणजे काय, विकास म्हणजे काय, आणि या दोहोंमध्ये माणूस कोठे बसतो?

आम्ही पेशाने कारकून. किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यांत आमचा दिवस जातो. तेव्हा हिशेबाच्या भाषेतच सुरुवात करतो.

ढोबळ म्हणजे काय?

देशात एका वर्षात तयार झालेल्या सर्व अंतिम वस्तू आणि सेवांची बाजारभावाने बेरीज केली की सकल देशांतर्गत उत्पादनाचा आकडा निघतो. 'सकल' म्हणजे ढोबळ. यंत्राची झीज, म्हणजे घसारा, त्यातून वजा केलेला नसतो. जंगल तुटले, नदी सडली, मजुराचे शरीर झिजले, तरी त्यातून काही वजा होत नाही. दुकानदाराने नुसता विक्रीचा आकडा सांगून "मी श्रीमंत झालो" म्हटले, तर कोणताही मुनीम त्याला विचारील, "शेठ, खर्चाची आणि झिजेची बाजू कोठे आहे?" देशाला हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही.

या आकड्यात काय धरले जाते आणि काय सुटते, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक गमतीचे उदाहरण दिले आहे. एखाद्या गृहस्थाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केले तर देशाचे उत्पन्न घटते! बाई तीच, स्वयंपाक तोच, घरही तेच. फक्त पगार बंद झाला म्हणून काम हिशेबातून गायब झाले. हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे आपल्या आया-बहिणींचे रोजचे जवळजवळ पाच तास देशाच्या वहीत शून्य म्हणून नोंदले जातात. ज्या घरात ही मंडळी आजारी पडतात, त्या घराला त्या शून्याची खरी किंमत दोन दिवसांत कळते.

विशेष म्हणजे ज्यांनी ही मोजणी बसवून दिली, त्यांनीच तिच्या मर्यादा आधी सांगितल्या होत्या. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, तेव्हा त्यांनी स्पष्ट बजावले होते की राष्ट्राच्या उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. पुढे १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगाने त्यांची मोजपट्टी उचलली आणि इशारा बाजूला ठेवला.

आपल्याकडे तर मोजणीची सुरुवात फार वेगळ्या हेतूने झाली होती. दादाभाई नौरोजींनी १८६७ ते १८७० या काळासाठी हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. नुसता आकडा काढून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याला जगवण्यासाठी सरकार अन्नवस्त्रावर जेवढा खर्च करते, तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दादाभाईंनी उत्पन्न मोजले ते माणसाच्या गरजेशी ताडून पाहण्यासाठी. ही दृष्टी मध्येच कोठे तरी हरवली.

संपत्ती कशासाठी?

प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सांगून ठेवले आहे की संपत्ती हे मानवी जीवनाचे साध्य होऊ शकत नाही. ती दुसऱ्या कशासाठी तरी उपयोगी पडते म्हणून हवी असते. ते 'दुसरे काही' कोणते, यावरच सारा तत्त्वज्ञानाचा वाद आहे.

आपला धम्म दारिद्र्याचे गोडवे गात नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत न्याय्य मार्गाने संपत्ती असण्याचे सुख आहे, तिचा उपभोग घेण्याचे सुख आहे, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आहे आणि निर्दोष आचरणाचे सुख आहे. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या वाढलेल्या असताना राजा मोठा यज्ञ करायला निघतो. त्याचा पुरोहित सांगतो की चोरांना मारून चोरी थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे आणि गुरांना वैरण द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला पगार द्या, म्हणजे राज्य आपोआप शांत होईल. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात तर ही साखळी उलट्या बाजूने दाखवली आहे. गरजूंना धन दिले गेले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. अर्थव्यवस्था आणि नीती यांची फारकत त्याला मान्य नाही.

आधुनिक अर्थशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या ॲडम स्मिथ यांचा ग्रंथ १७७६ सालचा. बाजारपेठेचे समर्थक त्यांना देव मानतात. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी सदऱ्याची गोष्ट लिहिली आहे. ग्रीक आणि रोमन लोक तागाचा सदरा नसतानाही सुखाने राहत असत. पण त्यांच्या काळातील युरोपात मात्र अंगावर तसा सदरा नसेल तर साध्या रोजंदारी मजुरालासुद्धा चारचौघांत जायला लाज वाटेल. म्हणून सदरा ही चैन नसून गरज आहे, असे स्मिथ म्हणतात. लाज न वाटता चारचौघांत उभे राहता येणे ही गरज! ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याची, पायात वहाण घालून गावातून चालण्याची बंदी होती, त्या समाजाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बाबासाहेब नेहमी नीटनेटक्या पोशाखात का राहिले आणि आपल्या आया-बहिणींना स्वच्छ नेसायला त्यांनी का सांगितले, याचे अर्थशास्त्रीय उत्तर येथे आहे.

सुखाची मोजपट्टी

काही विचारवंत म्हणतात, उत्पन्न मोजू नका, सुख मोजा. इंग्लंडमधील जेरेमी बेंथॅम यांनी जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हीच कसोटी सांगितली. आपल्या शेजारच्या भूतानने १९७० च्या दशकात राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या काळात 'सकल राष्ट्रीय सुख' ही कल्पना पुढे आणली आणि २००८ च्या राज्यघटनेत तिला स्थान दिले. भूतान बौद्ध देश असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना त्याचे कौतुक वाटते, आणि ते रास्तही आहे. पण त्याच भूतानमधून १९९० च्या सुमारास नेपाळी भाषक रहिवाशांना मोठ्या संख्येने बाहेर पडावे लागले आणि सुमारे एक लाख माणसे वर्षानुवर्षे नेपाळमधील छावण्यांत राहिली, हेही विसरून चालणार नाही. सुख मोजताना कोणाला मोजणीत धरले, हा प्रश्न देश बौद्ध असो वा अन्य कोणता, विचारलाच पाहिजे.

सुखाच्या मोजपट्टीत आणखी एक खोट आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. प्रकृती कशी आहे, असे विचारल्यावर ४८.५ टक्के विधुर पुरुषांनी प्रकृती बरी नसल्याचे किंवा यथातथाच असल्याचे सांगितले. विधवा स्त्रियांपैकी असे सांगणाऱ्या होत्या फक्त २.५ टक्के. विधवांची प्रकृती उत्तम होती काय? मुळीच नाही. ज्यांना आयुष्यभर काही मागायचे नाही असेच शिकवले गेले, त्यांना आपले दुखणे हे दुखणे वाटेनासे झाले होते. गुलामाला गुलामीची जाणीव करून द्यावी लागते, असे आपली चळवळ का सांगत आली, ते या दोन आकड्यांवरून समजावे. दबलेल्या माणसाचे समाधान हा विकासाचा पुरावा होऊ शकत नाही.

महाडच्या तळ्याचा धडा

सिंगूरचे हे आकडे ज्यांनी जगापुढे मांडले, ते अमर्त्य सेन लहानपणी ढाक्यात राहत होते. दंगलीच्या दिवसांत एक मुसलमान मजूर पाठीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत त्यांच्या अंगणात आला. घरात अन्नाचा कण नव्हता म्हणून बायको नको म्हणत असतानाही तो धोक्याच्या वस्तीत कामाला आला होता. रुग्णालयात त्याचा अंत झाला. गरिबी म्हणजे नुसता पैशाचा अभाव नाही. धोक्याला 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य नसणे म्हणजे गरिबी, हे सेन यांनी त्या प्रसंगातून घेतले. १९७९ साली त्यांनी 'समता कशाची?' असा प्रश्न एका व्याख्यानात मांडला आणि उत्तर दिले की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, त्या क्षमतेची समता. १९९८ साली त्यांना नोबेल मिळाले आणि पुढच्या वर्षी आलेल्या ग्रंथात त्यांनी विकास म्हणजे स्वातंत्र्याचा विस्तार, अशी मांडणी केली.

हे सारे ऐकायला अवघड वाटत असेल तर सुज्ञ वाचकांनी महाडला जावे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे तळ्यात पाणी होते आणि कागदावर हक्कही होता. महाडचे पाणी माणशी किती, असे कोणी भागाकार करून पाहिले असते, तर टंचाई दिसलीच नसती. तरीही अस्पृश्याच्या ओंजळीत थेंब येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो बांधवांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

साधन असणे, हक्क असणे आणि तो हक्क प्रत्यक्ष बजावता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. दुसरी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात असते. तिसऱ्या गोष्टीला सेन क्षमता म्हणतात. महाडच्या सत्याग्रहींनी सेन यांच्या व्याख्यानाच्या ५२ वर्षे आधी ती पाण्यात उतरून दाखवली.

माणसाचा निर्देशांक

सेन यांचे केंब्रिजमधील मित्र महबूब उल हक हे पाकिस्तानच्या नियोजन मंडळाचे अर्थतज्ज्ञ. ते प्रथम वाढीचे मोठे पुरस्कर्ते होते. १९६० च्या दशकात पाकिस्तानची वाढ जोरात झाली, आणि १९६८ साली याच गृहस्थांनी जाहीरपणे सांगितले की देशातील उद्योग, बँका आणि विमा यांचा फार मोठा हिस्सा अवघ्या २२ घराण्यांच्या हाती गेला आहे. पुढे १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे त्यांनी पहिला मानव विकास अहवाल काढला. सरासरी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा मिळून त्यात एक निर्देशांक असतो. एवढ्या मोठ्या मानवी जीवनाला एका आकड्यात कसे कोंबणार, असा आक्षेप सेन यांनी आरंभी घेतला होता. हक यांचे म्हणणे असे की, उत्पन्नाच्या आकड्याइतकाच ढोबळ पण त्याच्याइतका आंधळा नसलेला दुसरा आकडा हाती असल्याशिवाय राज्यकर्ते लक्ष देणार नाहीत. हा व्यवहारी मुनीमाचा सल्ला होता आणि तो बरोबर ठरला.

या निर्देशांकात आज आपण कोठे आहोत? मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार भारत १९३ देशांत १३० व्या क्रमांकावर आहे. आपला निर्देशांक ०.६८५ आहे, आणि विषमतेचा हिशेब धरला तर त्यातील ३०.७ टक्के गळून पडतात. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९० साली आपल्याकडे जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान ५८.६ वर्षे होते, ते २०२३ मध्ये ७२ वर्षांवर गेले. ही कमाई लहान नाही. पण उत्पन्नात पहिल्या पाचांत आणि माणसाच्या जगण्यात १३० वे, हा जो फरक आहे तोच आपल्या ताळेबंदातील न जुळणारा आकडा आहे.

आपल्या महाराष्ट्राचा हिशेब तर अधिक बोलका आहे. राज्याचे एकूण उत्पन्न देशात सर्वांत मोठे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. साऱ्या देशाची सरासरी ३५.५ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच. केरळात हे प्रमाण २३.४ टक्के. सर्वांत मोठ्या तिजोरीचे राज्य मुलांच्या उंचीत देशाच्या सरासरीवरच थांबले आहे.

केरळात हे घडले कसे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोर संस्थानात पुलया या अस्पृश्य जातीच्या मुलांना शाळेत घेत नव्हते. अय्यनकाळी या पुढाऱ्याने शेतमजुरांना काम बंद ठेवायला लावले. मुलांना शाळा नसेल तर शेतात गवतच उगवेल, अशी त्यांची भूमिका होती. पोटाला चिमटा काढून मजुरांनी मुलांच्या शिक्षणासाठी संप केला, ही जगाच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गासाठी होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेव्हा कोल्हापूर संस्थान काही श्रीमंत नव्हते. आधी श्रीमंत होऊ, मग शाळा काढू, असे ज्यांनी म्हटले नाही, त्यांनीच शाळा काढल्या.

वाढ नकोच काय?

येथे कोणी म्हणेल की मग वाढ नकोच काय? आमचे असे मुळीच म्हणणे नाही. केरळची वाढ दीर्घ काळ मंद राहिली आणि शिकलेल्या तरुणांना आखाती देशांत जावे लागले, हेही खरे आहे. जगदीश भगवती आणि अरविंद पनगढिया यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ सांगतात की वाढ झाली तरच रोजगार निर्माण होतो आणि सरकारच्या हाती शाळा-दवाखान्यांसाठी पैसा येतो. सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी २०१३ च्या ग्रंथात उत्तर दिले की निरोगी आणि शिकलेली माणसेच टिकाऊ वाढ घडवतात, आणि वाढीचा पैसा आपोआप गरिबाकडे वाहत येत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. रिकाम्या तळ्यातून कोणालाच ओंजळ भरता येत नाही.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ. १९१८ सालच्या शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंधात त्यांनी सांगितले की शेतीवर रिकामे हात फार झाले आहेत आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हाच आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी वीज आणि नद्यांच्या प्रकल्पांना चालना दिली. त्याच काळात कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदाही झाला. उत्पादन वाढवा आणि माणसाला विसावाही द्या, या दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिल्या गेल्या. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी जो इशारा दिला तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल.

बाबासाहेब सेन यांच्याही एक पाऊल पुढे जातात, असे आमचे नम्र मत आहे. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्ही रकान्यांत चांगले गुण मिळवूनही माणसाला शहरात भाड्याचे घर आडनाव विचारून नाकारले जाते. मानव विकासाच्या निर्देशांकात सन्मानाला रकाना नाही. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली, कारण शेजाऱ्याने माणूस म्हणून वागवले नाही तर खिशातील पैसा आणि हातातील पदवी अर्धीच उपयोगी पडते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

वजा बाजू कोण भरतो?

आता एक असा हिशेब, जो वाचताना मन घट्ट करावे लागेल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे दिसून आले. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना पाणी, ना विश्रांती. मग दुखणे घेऊन ती खासगी दवाखान्यात जाते आणि पिशवीच काढून येते.

आता हे देशाच्या वहीत कसे नोंदले जाते ते पहा. तोडलेल्या उसाची साखर झाली, ती जमेला धरली. डॉक्टरने शस्त्रक्रियेचे बिल घेतले, तेही जमेला धरले. औषधे विकली गेली, तीही जमेला. त्या बाईचे तिशीतच खंगलेले शरीर मात्र कोणत्याही वहीत वजा झाले नाही. तिच्या दुःखानेही देशाची वाढच झाली! गटारात उतरून गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराचेही असेच. २०१३ च्या कायद्याने ही प्रथा बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसाला १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये द्यावेत असे सांगितले. तरीही माणसे उतरत आहेत आणि मरत आहेत. आणि हे मरणारे, खंगणारे बहुसंख्येने कोण आहेत, हे वाचकांना सांगावे लागत नाही.

म्हणून वाढीचा प्रश्न हा आपल्यासाठी वर्तमानपत्रातील वादाचा विषय नाही. वहीची वजा बाजू ज्यांच्या अंगावर लिहिली जाते, त्यांनी वही तपासायला शिकलेच पाहिजे.

आपण काय करावे?

सुरुवात घरातून करावी. मुलाच्या शिकवणीचे पैसे भरले जातात आणि मुलीला पहाटे पाण्याला, संध्याकाळी चुलीला लावले जाते, अशी घरे आपल्या समाजात आजही आहेत. त्या घराचे उत्पन्न कितीही वाढो, तेथे विकास अर्धाच झाला. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरातील बाई सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते, हा रिवाज मोडायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

दुसरे काम विहारातले. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण फळ्यावर लिहितो, तो चांगला पायंडा आहे. त्याच फळ्यावर आणखी चार ओळी लिहाव्यात. वस्तीतील १४ वर्षांवरील किती मुले-मुली शाळेतून गळाली? किती बाळांचे वजन कमी भरले? किती घरांवर सावकाराचे किंवा बचतगटाचे थकलेले कर्ज आहे? किती वृद्धांचे पेन्शनचे कागद अडकले आहेत? वर्षाने पुन्हा याच चार ओळी लिहाव्यात आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहाव्यात. हा आपला मानव विकास अहवाल. त्यासाठी पंडिताची गरज नाही. दहावी पास मुलगी तो उत्तम तयार करील.

तिसरे काम ग्रामसभेचे आणि वॉर्डाचे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत असा नियम आहे. हा पैसा आला किती, गेला कोठे, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली साध्या कागदावर अर्ज करावा. पाच माणसांनी एकत्र जावे आणि त्यांत दोन तरी स्त्रिया असाव्यात.

देशाचे उत्पन्न वाढो, आम्हाला त्यात आनंदच आहे. तळे भरायला आपल्याच बापजाद्यांनी खांद्यावरून माती वाहिली आहे. परंतु तळे किती भरले, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ओंजळीत किती आले, हे मोजण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर फळा पुसून त्या चार ओळी लिहून टाकाव्यात. कोणत्या वस्तीत काय आकडा निघाला, ते आम्हाला अवश्य कळवावे.